इंग्रजी सातवीचा वर्ग

फौजदार आला तेव्हा फादर पिएत्रो इंग्रजी सातवीच्या वर्गावर होते. एकोणीसशे चाळीस सालचा जून सरत आला होता आणि शाळा नुकतीच उघडली होती. फौजदाराबरोबर दोन शिपाई होते. नवापूर स्टेशनापासून चिखल तुडवत आल्यानं तिघांच्याही पायांच्या पट्ट्या गुडघ्यापर्यंत माखल्या होत्या. शेजारच्या वर्गावर असलेले अब्राहाम मास्तर गणित अर्धवट टाकून व्हरांड्यात आले.

फौजदार माणूस वाईट नव्हता. त्यानं टोपी काढली आणि आवाज खाली आणून सांगितलं, की इटली आता इंग्रजांविरुद्ध लढाईत उतरली आहे आणि देशात जिथं कुठं इटलीचा माणूस असेल तिथून त्याला उचलून छावणीत ठेवायचा सरकारचा हुकूम आहे. मग तो पादरी असो की व्यापारी. आजच्याच गाडीनं न्यायचं होतं.

फादरांनी दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. साठी उलटलेली, दाढी छातीपर्यंत उतरलेली, झगा धुऊन धुऊन पिवळसर पडलेला. इटली सोडून त्यांना बत्तीस वर्षं झाली होती, आणि इटलीचं म्हणून त्यांच्यात काही उरलं असेल तर ते फक्त मराठी बोलताना 'ठ' आणि 'ढ' यांच्याशी होणारी त्यांची झटापट. त्यांनी फौजदाराला सांगितलं की तास संपायला थोडा वेळ आहे, तोवर आत बसा. फौजदार मागच्या बाकावर जाऊन बसला. फादरांनी कर्मणी प्रयोग शिकवायला घेतला होता, तो निम्मा तरी झाला. फळा पुसला. मग पोरांना म्हणाले, मला काही दिवस बाहेर जायचं आहे, तोवर अब्राहाम मास्तर सांगतील तसं करा.

निघताना त्यांनी अब्राहाम मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. आसपास सगळं वसतिगृह गोळा झालं होतं, कुणी रडत होतं. फादर मराठीत न बोलता मास्तरांच्या घरच्या, डोंगरातल्या कोकणा लोकांच्या बोलीत म्हणाले, "पोरांना घरी पाठवू नकोस." एवढंच. मग शिपायांच्या मधून चालत टेकडी उतरले.

अब्राहाम मास्तर त्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेला पुढं उभे राहिले खरे, पण शब्द तोंडातून निघेनात. शेवटी एका मोठ्या मुलानं सुरुवात केली, तेव्हा बाकीच्यांनी धरली.

सालईपाड्याची ही शाळा मास्तरांनी पहिल्यापासून पाहिली होती. पाहिली कसली, अंगावर वाहिली होती. फादर पिएत्रो पहिल्यांदा या डोंगरात आले तेव्हा त्यांना जंगलखात्याचा साहेब समजून सगळा पाडा रानात पळाला होता. पहिली दोन वर्षं त्यांनी कुणाला काही शिकवलं नाही, स्वतःच शिकले. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या शेजारी बसून कोकणा बोलीतले शब्द गोळा करायचे, चुकलं की त्यांच्याबरोबर हसायचे. मग मोहाच्या झाडाखाली चार पोरं बसायला लागली. त्यांत अब्राहाम होता. तो सारखा पळून जायचा. एकदा तो पळाला तेव्हा फादर त्याच्यामागं त्याच्या घरी गेले. अब्राहामला वाटलं, आता मार बसणार. फादरांनी त्याच्या आईच्या हातची नागलीची भाकरी खाल्ली, बापाबरोबर शेताच्या बांधावर बसून पिकाची गोष्ट केली, आणि शाळेचा शब्दही न काढता परत गेले. दुसऱ्या दिवशी अब्राहाम आपणहून येऊन बसला.

पुढं रंगावलीच्या पात्रातून पोरांनीच दगड वाहिले आणि त्या दगडांची शाळा उभी राहिली. गवंडी एकच होता, बाकी सगळी पोरं आणि चिखलात पाय घातलेले फादर. या शाळेत छडी नव्हती. आसपासच्या शाळांतले मास्तर याला हसत, की बिनछडीची शाळा म्हणजे बिनवेसणीचा बैल. पण इथं कुणी चुकलं तर आधी त्याला बसवून घ्यायचं आणि त्याचं सगळं ऐकायचं, मधे तोंड घालायचं नाही, असा रिवाज होता. ऐकून झाल्यावर काय करायचं ते ठरे. दुसरा रिवाज पंगतीचा. डोंगरातला असो की तापीकाठचा, ख्रिस्ती असो की हिंदू, एकाच ओळीत बसायचं, आणि जो जसा येईल तसा बसेल. रविवारी मास्तर लोकही त्याच ओळीत. विहिरीचं पाणी ओढायचं, अंगण झाडायचं, हे सगळ्यांनी पाळीपाळीनं करायचं. आपला मुलगा झाडू मारतो हे पाहून एक-दोन पाटलांनी मुलं काढूनही नेली होती. फादरांनी त्यांना बैलगाडीपर्यंत पोचवलं होतं, पण रिवाज बदलला नव्हता.

प्राथमिक शाळेनंतरचे इंग्रजीचे वर्ग पहिलीपासून एकेक वर्षानं चढत गेले होते आणि यंदा प्रथमच सातवी लागली होती. म्हणजे येत्या मार्चात सालईपाड्याची पोरं मॅट्रिकला बसणार होती. वर्ग लहानच, सात जणांचा. त्यातला आमश्या हा अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला, उंच, कमी बोलणारा. सुकलाल हा प्रकाशाच्या दोधू पाटलांचा मुलगा, घरचं बागायत, कपडे नेहमी इस्त्रीचे. दोघांची मैत्री होती असं नाही, पण विहिरीवर त्यांची पाळी एकत्र असे.

अब्राहाम मास्तर धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून आलेले. गणित, मराठी, इतिहास यांत त्यांना तोड नव्हती. पण इंग्रजी त्यांचं स्टेशनावरची पाटी वाचण्यापुरतं. इंग्रजीचा वसईकडचा तरुण मास्तर आदल्या वर्षी हिवतापाला कंटाळून निघून गेला होता, आणि तेव्हापासून सगळे वरचे वर्ग फादरच घेत होते. खालच्या वर्गांचं जुन्या विद्यार्थ्यांवर भागलं असतं. सातवीचं काय करायचं, हे मास्तरांना कळेना. पोरं वर्गात येऊन बसत, पुस्तक उघडत आणि मास्तरांकडं पाहत. मास्तर त्यांना भूमिती शिकवत. इंग्रजीच्या तासाला पुन्हा भूमितीच.

आठवड्याभरात दोधू पाटील आले. अंगावर पांढरा सदरा, डोक्याला पागोटं. ते बसले नाहीत, व्हरांड्यात उभ्यानंच बोलले.

"मास्तर, पादरीबाबा गयात. आते हाई शाळा कोन चालाडी? मन्हा पोऱ्याले मी घर लई जास."

मास्तरांनी त्यांना खाट दिली, पाणी विचारलं. पाटलांनी पाणी घेतलं नाही. मास्तर रागावले नाहीत, त्यांनी ऐकून घेतलं. पाटलांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुलगा एवढ्या लांब ठेवला तो मॅट्रिक व्हावा म्हणून, आणि मॅट्रिकच होणार नसेल तर घरी कापूस आहे, ऊस आहे, हात हवेत. मास्तर म्हणाले, पोळ्यापर्यंत थांबा. पोळ्यापर्यंत इंग्रजीचा माणूस आणला नाही तर मीच सुकलालला तुमच्या दारात आणून सोडीन. पाटलांनी मुलाकडं पाहिलं. सुकलाल खाली मान घालून उभा होता, पण हलत नव्हता.

"पोया लोंग," पाटील म्हणाले, म्हणजे पोळ्यापर्यंत. आणि गेले.

मास्तरांनी मग नंदुरबार पालथं घातलं. तिथं इंग्रजी शिकलेली माणसं होती, पण एकाला जंगलाचा ताप नको होता, दुसऱ्याला पादऱ्याची शाळा नको होती. तिसरा चांगला पदवीधर होता. त्यानं मास्तरांना चहा पाजला आणि विचारलं, त्या डोंगरातल्या पोरांना मॅट्रिक होऊन करायचंय काय? मास्तरांनी चहा संपवला आणि उठले. गाडीत बसल्यावर त्यांना आयुष्यात क्वचितच आला असेल असा राग आला. पण तो त्या माणसाचा होता की स्वतःचा, हे त्यांना सांगता आलं नसतं. आपण फादरांच्या मागं मागं चाललो म्हणून आजवर वाट दिसली, एकट्यानं कधी पुढं होऊन पाहिलंच नाही, हे त्यांना त्या प्रवासात बोचत राहिलं.

परत आल्यावर त्यांनी सातवीच्या वर्गाला खरं ते सांगून टाकलं. माणूस मिळाला नाही म्हणाले. तुम्ही आता लहान नाही, तुम्हाला काही सुचतं का सांगा. मग सुकलाल उठला.

"मन्ही फुई शे," तो आधी घरच्या बोलीत बोलून गेला आणि मग सावरून म्हणाला, "माझी आत्या आहे, मास्तर. मला पहिलं इंग्रजी तिनंच शिकवलं. तिला खूप येतं."

आत्येचं नाव निर्मलाबाई. बडोद्याला दिलेली. नवरा तिथल्या हायस्कुलात मास्तर, त्यानं हौसेनं तिला शिकवलं, मॅट्रिक केलं, कॉलेजातही धाडलं. मग तो विषमज्वरानं गेला, आणि ती भावाच्या घरी प्रकाशाला परत आली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. घरात तिची पुस्तकांची एक ट्रंक होती आणि ती दुपारच्या वेळी वाचत बसते याचं घरातल्या बायकांना हसू येई.

मास्तर प्रकाशाला गेले तेव्हा तापी दुथडी होती. नावाडी पाणी उतरायची वाट बघत काठावर बसून राहिला होता. मास्तरही त्याच्याजवळ बसले. दुपारनंतर नाव सुटली. पलीकडं घाटावर देवळाच्या पायऱ्या धुतल्यासारख्या ओल्या होत्या आणि श्रावण असल्यामुळं बायकांची गर्दी होती. कुणीतरी पाटलांचं घर दाखवलं.

दोधू पाटलांनी मास्तरांना ओसरीवर बसवलं. पोळा यायचा होता, हे का आले, याचा त्यांना अंदाज लागेना. मास्तरांनी आडवळण न घेता कामाचं सांगितलं. पाटील आधी हसले. मग ही थट्टा नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. घरातली विधवा बाई, तिला जंगलात, पादऱ्यांच्या शाळेत, वाढलेल्या पोरांना शिकवायला पाठवायची? भाऊबंदांत तोंड कसं दाखवायचं? ते हे सगळं शांतपणेच बोलले, पण त्यांचा हात मिशीवरून खाली येईना.

आतल्या दाराशी निर्मलाबाई उभ्या होत्या. हातात सूप, सुपात निवडायची ज्वारी. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्यांनी मास्तरांना विचारलं, "तुमचे फादर कुठपर्यंत आले होते?"

"कर्मणी प्रयोग," मास्तर म्हणाले. "तो अर्धा झालाय."

"आणि पोरांना लिहिता येतं?"

"येतं. बोलायला लाजतात."

निर्मलाबाईंनी सूप खाली ठेवलं. राहायला जागा कशी आहे, विचारलं. मास्तरांनी लपवलं नाही. खोली एकच, कौलं गळतात, आश्विनात ताप येतो आणि सगळ्यांनाच येतो, थंडीत बिबट्या कुंपणापर्यंत येतो. पगाराचं मिशनला विचारावं लागेल, तोवर धान्य आणि सरपण. माझी बायको सुसाना शेजारीच असते, ती सोबतीला राहील.

पाटील बहिणीकडं बघत होते. त्यांना वाटत होतं की हे ऐकून ती आपणच आत जाईल. निर्मलाबाई भावाला म्हणाल्या, "भाऊ, मी जास. तू नही म्हनशी तरी जास. पन तू हा म्हनशी तर मन्हा पाय हलका पडी."

मास्तरांना अहिराणी येत होती, पण त्यांनी न कळल्यासारखं अंगणातल्या बैलांकडं पाहिलं. पाटील उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, मार्चपर्यंत. परीक्षा झाली की मी गाडी घेऊन येईन. आणि सुकलालला तिच्याकडं बघायला सांगा.

पोळ्याच्या आधीच निर्मलाबाई सालईपाड्याला पोचल्या. पुस्तकांची ट्रंक दोन पोरांनी काठीला बांधून टेकडीवर चढवली. पहिल्या दिवशी त्या वर्गात गेल्या तेव्हा पोरं उभी राहिली ती बसेनातच. बाई शिकवायला आलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. बाई पदर सावरून फळ्याकडं वळल्या आणि कर्मणी प्रयोग राहिला होता तिथून पुढं सुरू केला.

शिकवणं त्यांचं कडक होतं. फादर चुकीला हसून सोडत, बाई सोडत नसत. एकच वाक्य सगळ्यांकडून म्हणवून घेत, मग पुन्हा म्हणवत. आमश्याची जीभ इंग्रजी शब्दांना अडखळायची. पण त्यानं लिहिलेलं वाचताना बाई थांबत, एखाद्या ओळीखाली रेघ ओढत आणि म्हणत, हे चांगलं आहे. पोरांना हे कौतुक नवं होतं, कारण ते थोडं मिळे. महिनाभरात इंग्रजीच्या तासाला वर्गातून हसण्याचे आवाजही यायला लागले. शेजारच्या वर्गात गणित शिकवणाऱ्या अब्राहाम मास्तरांच्या छातीवरचं ओझं जरा हललं.

अडचण आली ती पंगतीची. निर्मलाबाई आपला स्वयंपाक आपल्या खोलीत करत. घर माळकरी, मांसमच्छी वर्ज्य, आणि परक्या हातचं खायची सवय नाही. सुसाना स्वभावानं मोकळी बाई. पहिल्याच दिवशी ती तुरीचं वरण आणि भाकरी घेऊन गेली, तेव्हा निर्मलाबाईंनी हात जोडून ते परत पाठवलं. सुसाना पुन्हा काही घेऊन गेली नाही. सोबतीला रात्री झोपायला जाई, सकाळी उठून येई. रविवारी सगळे पंगतीत बसत, आणि बाईंच्या खोलीतून एकटा धूर वर जाई. पोरं कुजबुजत. डोंगरातल्या पालकांपैकी जेठ्या नावाचा एक म्हातारा बाजाराला जाताना मास्तरांना म्हणून गेला, की फादरांनी हे चालू दिलं नसतं.

अब्राहाम मास्तरांना रात्ररात्र हे छळत असे. फादर असते तर काय करते, हा एकच विचार ते करत, आणि उत्तर मिळेना. फादरांनी त्या एक-दोन पाटलांची मुलं जाऊ दिली होती. मग बाईंनाही जा म्हणायचं? रिवाजासाठी सात पोरांची मॅट्रिक घालवायची? आणि रिवाज सोडायचा तर मग या शाळेत राहतं काय?

शेवटी ते बाईंकडं गेले नाहीत, आणि त्यांच्याआधी आमश्याच बोलला. वर्गात, सगळ्यांसमोर. बाईंनी त्या दिवशी सगळ्यांना इंग्रजीतून एकेक प्रश्न विचारायला सांगितलं होतं. आमश्या उभा राहिला, आणि अडखळत का होईना, इंग्रजीतच विचारलं, की बाई, तुम्ही आमच्या ओळीत का जेवत नाही?

शेजारी अब्राहाम मास्तरांनीही ऐकलं. त्यांचा हात फळ्यावर थांबला.

निर्मलाबाईंनी आधी त्याच्या वाक्यातली चूक सुधारली. मग खुर्चीवर बसल्या, आणि मराठीतून बोलल्या.

"मला लहानपणापासून तसं वळण आहे. ते बरोबर नाही हे मला कळतं. माझे यजमान होते ते कुणाकडंही जेवत, मला हसत. पण घास पुढं केला की माझा हात थांबतो. तुला नाही का, शब्द माहीत असतो आणि जीभ वळत नाही? तसंच. मी खोटं सांगणार नाही. मला थोडा वेळ लागेल."

आमश्या म्हणाला, "चालेल, बाई." आणि बसला.

पुढच्या रविवारी पंगत बसली तेव्हा निर्मलाबाई आल्या आणि ओळीच्या टोकाला, सुसानाशेजारी बसल्या. समोर पान घेतलं नाही. नुसत्या बसल्या. सुसानानं भाकरी वाढत वाढत येऊन त्यांच्यापुढं काही न ठेवता पुढं पाऊल टाकलं, आणि मग परत फिरून पाण्याचा तांब्या ठेवला. बाई तो उचलून पाणी प्यायल्या. दर रविवारी असं चाललं. पाण्यानंतर गूळ झाला. आश्विनात बाईंना ताप भरला आणि सुसानानं त्यांना नागलीची पेज पाजली, तेव्हा पिताना त्यांना शुद्ध धड नव्हती. बऱ्या झाल्यावर त्यांना कुणीतरी ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मीठ कमी होतं," आणि सुसाना हसत सुटली. मांसमच्छीला त्यांनी कधी हात लावला नाही, आणि त्यांच्या पानाजवळ ती कुणी नेलीही नाही. पण खोलीतला धूर रविवारचा बंद झाला.

नाताळच्या थोडं आधी मिशनच्या मुख्य ठाण्यावरून फादर मस्करेन्हस आले. गोव्याचे, सडपातळ, कामाचा माणूस. त्यांनी येताच सांगितलं की लढाई किती वर्षं चालेल याचा भरवसा नाही, नवा फादर मिळायचा नाही, तेव्हा वरचे वर्ग बंद करून पोरांना घरी लावावं आणि खालची शाळा मास्तरांनी चालवावी. ते हे कठोरपणे बोलले नाहीत. त्यांच्याकडं अशा कितीतरी शाळा होत्या.

अब्राहाम मास्तरांनी जन्मात कधी फादर माणसाला नाही म्हटलं नव्हतं. पण मग त्यांच्या ध्यानात आलं, की हे सांगायला दुसरं कुणी नाही.

"फादर, आधी ऐकून घ्या," ते म्हणाले. "आमच्याकडं तशी रीत आहे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पाटलांची मुदत, नंदुरबारचा चहा, तापीचं पाणी, कर्मणी प्रयोग. बाई हिंदू आहेत, विधवा आहेत, कुणाची परवानगी न घेता मीच त्यांना आणलं, हेही सांगितलं. फादर मस्करेन्हसांच्या कपाळावर आठी पडली, पण ते मधे बोलले नाहीत. मग उठून सातवीच्या वर्गात जाऊन मागं बसले आणि सगळा तास तिथंच राहिले. निर्मलाबाईंनी त्यांच्याकडं एकदाही पाहिलं नाही. तास संपल्यावर फादरांनी सुकलालला इंग्रजीतून काही विचारलं, त्यानं नीट उत्तर दिलं. आमश्याला विचारलं, तो अडखळला, पण थांबला नाही. वाक्य शेवटापर्यंत नेलं.

निघताना फादर मस्करेन्हस म्हणाले, "मार्चपर्यंत चालू द्या. पुढचं पुढं. वर मी काय सांगायचं ते सांगीन." घोड्यावर बसता बसता त्यांनी विचारलं की त्या बाईंना पगार कोण देतं. "आम्हीच, धान्य आणि सरपण," मास्तर म्हणाले. नव्या वर्षापासून मिशनकडून पगार यायला लागला.

मार्चात सातही जण साक्रीमार्गे सर्व्हिस मोटारीनं धुळ्याला परीक्षेला गेले. मास्तर बरोबर होते. धर्मशाळेत उतरले, सुसानानं दिलेल्या दशम्या खाल्ल्या. परीक्षेच्या मंडपाबाहेर शहरातल्या मुलांचे वडील, मामा, शिकवणीचे मास्तर यांची गर्दी असे. अब्राहाम मास्तर एका लिंबाखाली बसून राहत. पेपर सुटला की पोरं त्यांच्याजवळ येत, आणि ते 'कसा गेला' असं न विचारता आधी पाणी देत.

परीक्षा झाली, आणि बोलल्याप्रमाणे दोधू पाटील गाडी घेऊन आले. निर्मलाबाईंची ट्रंक चढवली. सुसानानं त्यांच्या पदरात मोहाची सुकी फुलं आणि चारोळ्या बांधून दिल्या. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. मास्तरांना आभार मानायचे होते, ते जमलं नाही. बाई म्हणाल्या, निकाल कळवा. गाडी टेकडी उतरून गेली आणि शाळा रिकामी वाटायला लागली.

निकाल जूनमध्ये वर्तमानपत्रात आला. सातांपैकी पाच पास होते. सुकलाल चांगल्या मार्कांनी पास झाला होता. नापास झालेल्या दोघांत आमश्या होता, फक्त इंग्रजीत. मास्तरांनी प्रकाशाला निरोप धाडला. आमश्याच्या डोंगरात ते स्वतः गेले, त्याच्या घरी भाकरी खाल्ली, आणि वाटेत रचून ठेवलेली सगळी बोलणी विसरून नुसतेच बसले. आमश्यानंच विचारलं, "मास्तर, पुन्हा बसता येतं ना?"

शाळा उघडली त्या सोमवारी मास्तर पाणी ओढणाऱ्या पोरांजवळ उभे होते, तेव्हा खालच्या वाटेवर बैलगाडी दिसली. गाडी सुकलाल हाकत होता. मागं ट्रंकेवर निर्मलाबाई बसल्या होत्या आणि शेजारी दोधू पाटील, पागोटं सावरत. पाटील उतरले आणि मास्तरांनी काही विचारायच्या आतच म्हणाले, की बहिणीला आमश्याचं कळलं तसं तिनं घरात बोलणं टाकलं, म्हटलं पोरं नापास ठेवून मी घरी ज्वारी निवडत बसू का. मग काय करता. पाटलांनी या वेळी खाटेवर बसून पाणी मागितलं. पोरानं विहिरीतून ओढलेलं, तेच घेतलं.

दुसऱ्या नापास मुलासोबत आमश्याही त्या वर्षी पास झाला. पुढं तो सालईपाड्यालाच खालच्या वर्गांना शिकवायला राहिला. निर्मलाबाईही राहिल्या, वर्षामागून वर्ष. पाटील दर वेळी 'या मार्चपर्यंत' म्हणत आणि दर जूनमध्ये गाडी जोडत. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, धान्य महाग होतं. डोंगरातले पालक नागली आणून टाकत, तापीकाठचे ज्वारी. शाळा मोडकीतोडकी चालली, पण चालली. अब्राहाम मास्तर हेडमास्तरांच्या, म्हणजे फादरांच्या, खुर्चीत बसत नसत. शेजारच्या स्टुलावर बसून काम करत. पुढं केव्हातरी कुणीतरी खुर्ची हलवली आणि स्टूल तिथंच राहिलं.

चव्वेचाळीस साली, पावसाळा सरल्यावर, फादर पिएत्रो सुटून आले. आधी कुणी कळवलं नव्हतं. स्टेशनावरून एकटेच चालत आले. फार वाळले होते, दाढी कापली होती, आणि एका कानानं कमी ऐकू येत होतं. पोरांपैकी निम्म्यांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी सगळी शाळा फिरून पाहिली. आमश्याचा वर्ग पाहिला, बाईंच्या वर्गाच्या दाराशी उभे राहिले. निर्मलाबाईंनी त्यांना नमस्कार केला आणि 'या, आत बसा' म्हणाल्या. ते मागच्या बाकावर बसले.

तास संपल्यावर फादर अब्राहाम मास्तरांच्या खोलीत आले. मास्तर स्टुलावरून उठले, खुर्ची ओढून आणली, मधे ठेवली, आणि म्हणाले की फादर, तुमची जागा. फादरांनी खुर्चीकडं पाहिलं. ती थोडी बाजूला सरकवली आणि खाली भिंतीशी टेकून बसले.

"मला कुठला वर्ग देतोस?" त्यांनी विचारलं.

मास्तरांना वाटलं, थट्टा आहे. फादर थट्टा करत नव्हते. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग वेळापत्रक मनातल्या मनात जुळवलं. सातवी बाईंकडं होती. मधले वर्ग एका नव्या मास्तराकडं.

"इंग्रजी पहिली मोकळी आहे, फादर," ते म्हणाले. "लहान पोरं आहेत. दंगा फार करतात."

"बरं," फादर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून पहिलीवर जायला लागले.